काजवालीने परत पाठवलेली शिडी

काजवालीची आणि माझी ओळख प्रौढांच्या वाचनवर्गात झाली. कपड्यांच्या कारखान्याच्या जुन्या भोजनगृहात हा वर्ग दुपारी भरत असे. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही अशी तक्रार आम्ही दोघींनी एकाच दिवशी केली, म्हणून बाईंनी आम्हाला पहिल्या बाकावर शेजारी शेजारी बसवले. माझी तक्रार मी हळू आवाजात केली होती. तिने मात्र फळा, खिडकी, खडू आणि बाक बनवणारा सुतार या सर्वांना एका दमात फैलावर घेतले होते. वयाने ती माझ्याहून मोठी. परंतु पहिल्याच आठवड्यात तिने "मला अहो-जाहो करून म्हातारी करू नकोस" असे बजावले, त्यामुळे येथेही मी तिच्याविषयी एकेरीतच लिहीत आहे. पुढील हकिकतीतले थोडे मी डोळ्यांनी पाहिले आणि बाकीचे तिने धडा वाचायचा सोडून मला सांगितले.

तिला काजवाली म्हणत, कारण तिने उभे आयुष्य त्याच कारखान्यात शर्टांना काजे करण्यात घालवले. तिचे यंत्र आधी काजाच्या दोन्ही कडा दोऱ्याने पक्क्या करून घेई आणि मगच मधोमध पाते उतरे. घाई करून पाते आधी उतरवले, तर कापड उसवत जाई आणि सबंध शर्ट वाया. घाई करायला सांगणाऱ्या प्रत्येक मुकादमाशी ती भांडली होती. मुकादम बदलत गेले; तिचा आवाज तोच राहिला.

निवृत्तीच्या दिवशी कापणी विभागातल्या पुरुषांना भिंतीवरची घड्याळे मिळाली. काजे-बटणे करणाऱ्या बायकांना सफरचंदाचे एकेक रोप मिळाले, मुळांभोवती ओले गोणपाट गुंडाळलेले. व्यवस्थापक हसून म्हणाले, "घराला शोभा येईल."

"आणि वेळ काय फक्त कापणीवाल्यांनीच बघायची असते का, साहेब?" काजवालीने विचारले. साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या.

इतर बायकांनी ती रोपे वाटेत कुणाला देऊन टाकली किंवा त्या ती दारामागे ठेवून विसरून गेल्या. काजवालीने मात्र संतापाच्या भरात त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात खड्डा खणला. झाडाची हौस म्हणून तिने ते लावले नाही, हे मला मुद्दाम नमूद केले पाहिजे. आपल्याला घड्याळाऐवजी काडी दिली, तर त्या काडीचे झाड करून दाखवायचे, एवढाच तिचा हेतू होता. ती रोज त्याला पाणी घालताना कारखान्याला शिव्या घाली. झाडाला त्या मानवल्या असाव्यात, कारण ते भराभर वाढले आणि भिंतीपलीकडे शेजारच्या अंगणात एक जाडजूड फांदीही पसरून बसले.

शेजारचे अंगण घड्याळजींचे. घड्याळे दुरुस्त करणारा हा गृहस्थ पुढच्या खोलीत दुकान चालवीत असे आणि मागच्या खोलीत एकटा राहत असे. डोळ्याला भिंग लावून बसायची त्याला इतकी सवय होती, की भिंग नसतानाही तो माणसांकडे एक डोळा बारीक करूनच पाही. आता या घड्याळजींचा आणि शिडीचा संबंध सांगितल्याशिवाय पुढचे काही समजायचे नाही, म्हणून तो आधी सांगते.

त्या गल्लीत घरटी एक सफरचंदाचे झाड होते आणि सबंध गल्लीत मिळून शिडी एकच. ती घड्याळजींच्या बोळात आडवी टांगलेली असे. उन्हाळा सरून सकाळी गारवा जाणवू लागला, की ती शिडी बाहेर निघे आणि कोपऱ्यावरच्या घरापासून ओळीने एकेका अंगणात जाई. शिडीबरोबर सगळी गल्ली जाई. कुणी वर चढे, कुणी पिशवी धरी, कुणी नुसताच खाली उभा राहून वरच्याला अक्कल शिकवी. एका घरचे झाड उतरवले, की शिडी पुढच्या घरी. शेवटच्या घरचे झाले, की तिला रंगारी घेऊन जाई आणि थंडीभर लोकांच्या घरांच्या आतल्या भिंती रंगवी. शिडीची पाळी घड्याळजी ठरवीत. ती कुणी वर्षानुवर्षे मोडली नव्हती.

काजवालीच्या झाडाला फळ धरू लागले, तसे तेही पाळीत आले. शिडी आली, फळे उतरली, सगळ्यांनी एकेक फळ चावून पाहिले आणि सगळ्यांची तोंडे वाकडी झाली. हिरवे, दगडासारखे टणक आणि असे आंबट की दात शिवशिवावेत.

"वहिनी," घड्याळजी म्हणाले, "हे खायला नको. वाऱ्यानं दार आपटतं ना, तिथं अडकवायला ठेवा. चांगलं टिकेल."

पुढच्या वर्षी तेच झाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. झाड फळांनी लगडे, शिडी येई, गल्ली हसे. "कारखान्याचं झाड" असे त्याचे नाव पडले. खुद्द काजवालीनेही त्याला बोल लावायला सुरुवात केली. फुकट दिलेली वस्तू अशीच असणार, असे ती म्हणे आणि ती फळे साखरेत शिजवून कशीबशी संपवी.

एका वर्षी पाने गळून गेल्यानंतर ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालीत होती. हातपाय गारठले होते. वर पाहते, तर अगदी शेंड्याला दोन डहाळ्यांच्या बेचक्यात एक सफरचंद अडकून राहिलेले. शिडीवरून ते कुणाच्या हाताला आले नसावे. सगळे झाड उघडे आणि त्यावर हे एकच फळ, पिवळसर, एका गालावर लाल छटा आलेले. तिला त्याचाही राग आला. हा कोण एकटा वर बसून मजा बघतोय, असे म्हणत तिने कपड्यांच्या दोरीची काठी उचलली आणि त्याला ढोसले. ते अलगद सुटले आणि बादलीतल्या ओल्या चादरीवर पडले.

तिने ते पुसले आणि चावले. आणि तशीच उभी राहिली.

ती मला म्हणाली होती, "अगं, चाकूनं कापल्यासारखं कुडुम् वाजलं बघ. आणि रस कसा, की हनुवटीवरून खाली. गोड म्हणजे नुसतं गोड नाही. आंबटपणा होता की, पण तो आता बाजूला बसून होता, मधे मधे बोलत नव्हता."

तिने सगळे फळ तिथेच खाल्ले. बिया तळहातावर घेऊन पाहिल्या. त्या काळपट तपकिरी होत्या. शिडीच्या दिवशी कापलेल्या फळांतल्या बिया दरवर्षी पांढऱ्याफटक असत, हे तिला तेव्हा आठवले. तिने त्या आपल्या हातांनी टाकल्या होत्या. दरवर्षी पाते आधी उतरत होते. झाडात काहीही खोट नव्हती. शिडी त्याच्याकडे फार लवकर येत होती आणि सबंध गल्लीने, तिच्यासकट, शिडीच्या सोयीने त्या झाडाचा न्याय करून टाकला होता.

माणसाला आनंद व्हावा असा हा शोध होता. काजवाली संतापली. इतकी वर्षे झाडाची बेअब्रू झाली, त्याचा जाब आता कुणाला विचारायचा, हे तिला कळेना. ती तशीच ओल्या हातांनी घरात गेली आणि मुलाला म्हणाली, "आपलं झाड गोड आहे."

मुलगा शाळेची व्हॅन चालवीत असे. त्याचे या झाडाशी निराळेच वाकडे होते. थंडीत व्हॅन सकाळी सुरू होत नसे. तिच्यासाठी मागच्या अंगणात शेड बांधायची आणि त्याकरिता झाड काढायचे, हे त्याने मनाशी पक्के केले होते.

"कुठंय फळ? दाखव," तो म्हणाला.

"खाल्लं."

"सगळं?"

"मग काय अर्धं तुझ्या व्हॅनला ठेवू?"

"आई, पुरावाच खाऊन टाकलास तू," तो हसत म्हणाला. सूनही हसली. सून औषधांच्या दुकानात काउंटरला बसे. ती स्वभावाने मऊ होती आणि घरात वाद नकोत म्हणून दोन्ही बाजूंना मान डोलवीत असे. त्या दिवशी तिने दोनदा मान डोलवली.

बराच वाद झाला. अखेरीस मुलगा म्हणाला, "हे बघ, पुढच्या वर्षी पानं गळेपर्यंत थांबतो. तेव्हा याचं फळ गोड निघालं, तर शेड दुसरीकडे बघू. नाही निघालं, तर करवतवाल्याला बोलावणार. मग रुसायचं नाही."

"मी रुसत नाही. मी भांडते," काजवाली म्हणाली आणि सौदा ठरला.

पुढच्या वर्षी झाड नेहमीसारखेच लगडले. याच वर्षी ती आमच्या वर्गात आली, त्यामुळे झाडाची खबर आम्हाला रोज मिळे. आमच्या बाई तरुण होत्या आणि प्रत्येक गोष्टीतून काहीतरी बोध काढायची त्यांना आवड होती. त्या एकदा कौतुकाने म्हणाल्या, "आजी, म्हणजे तुमचं झाड अगदी तुमच्यासारखंच. उशिरा फळणारं."

काजवालीने पेन्सिल खाली ठेवली. "बाई, मी उशिरा शिकते, कारण मला वेळेवर कुणी शाळेत घातलं नाही. माझ्या भावाला घातलं. त्याचा नि झाडाचा काय संबंध? झाड उशिरा पिकत नाही. ते त्याच्या वेळेला पिकतं. लोक लवकर येतात."

मला त्या वेळी बाईंची दया आली होती. आता विचार करता काजवालीचेच म्हणणे मला पटते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला गोड उपमा देऊन गप्प करणे बरे नव्हे.

सकाळी गारवा पडू लागला. शिडी निघाली. घरे घेत घेत ती काजवालीच्या फाटकाशी आली. पुढचे टोक घड्याळजींच्या खांद्यावर, मागचे रंगाऱ्याच्या, आणि मागे पिशव्या घेतलेली सगळी गल्ली. काजवाली फाटकाला आतून कडी लावून उभी होती.

"वहिनी, कडी काढा."

"शिडी परत न्या, भावजी. माझी फळं अजून व्हायची आहेत."

"व्हायची आहेत म्हणजे? आज तुमची पाळी आहे."

"पाळी माझी आहे. फळांची नाही."

मागे कुणीतरी हसले. घड्याळजींचा एक डोळा बारीक झाला. "आमची सगळ्यांची झाली, तुमचीच कशी नाही झाली? तुमच्या झाडाला काय वेगळा सूर्य आहे?"

"सूर्य तोच आहे. डोकं वेगळं आहे. जसं तुमचं नि माझं."

"हे बघा, खांदा दुखायला लागला," मागून रंगारी म्हणाला. "भांडण मोठं असेल, तर शिडी खाली ठेवतो."

"ठेवू नका," काजवाली म्हणाली. "उचललीच आहे तर पुढे न्या. आणि भावजी, पानं गळाली की मग एक दिवस पाठवा. मी मागून घेतेय, हिसकावत नाही."

"तेव्हा शिडी रंगाऱ्याकडे असते. आणि आजवर कुठल्या दारातून शिडी परत गेली नाही," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, परंतु त्याहून अधिक दुखावलेपण होते. शिडी पुढे गेली. त्या संध्याकाळपर्यंत काजवालीने गल्लीचा अपमान केल्याची बातमी घरोघर पोचली होती. ज्या बायका तिच्याकडून शर्टाला काज करून नेत, त्यांनी त्या आठवड्यात शर्ट आणले नाहीत. एका बाईला आपल्या झाडाचे फळ पिकू द्यायचे आहे, यात गल्लीचा अपमान कोठे होतो, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगू शकलेले नाही.

सगळ्यांत अस्वस्थ झाली ती सून. तिला रात्री झोप लागेना. शिडी उद्या रंगाऱ्याकडे जाणार. पाने गळाल्यावर सासूबाई झाडावर चढणार कशा? फळे तिथेच गोठून सडतील, नवरा करवतवाल्याला बोलावेल, आणि वर गल्लीशी वैर राहील ते राहीलच. तिने आपल्या परीने यातून सगळ्यांना वाचवायचे ठरवले. दुपारी सासूबाई वर्गाला निघाल्या, तशी ती घड्याळजींच्या दुकानात गेली आणि हात जोडून म्हणाली, "काका, शिडी आणा. आईंच्या वतीनं मी सांगते."

घड्याळजी नियमाचे पक्के. त्यांनी विचार केला, की काजवालीची पाळी वापरली गेली नव्हती, म्हणजे ती अजून शिल्लक होती. शिडी आली, माणसे आली. बघता बघता झाड रिकामे झाले. भिंतीपलीकडे गेलेली फांदी तेवढी राहिली. सूनबाईंनी तिचीही आठवण करून दिली; पण घड्याळजी म्हणाले, "ती फांदी माझ्या अंगणात आहे. माझ्या अंगणाची पाळी होऊन गेली. एका अंगणात शिडी दोनदा लागत नाही." रंगाऱ्याने कपाळाला हात लावला आणि शिडी घेऊन गेला.

त्या दिवशी वर्गात काजवाली फार खुशीत होती. तिने प्रथमच एक अख्खा परिच्छेद न अडखळता वाचला होता. घराकडे मी तिच्याबरोबरच चालत आले, म्हणून फाटक उघडल्यावरचा तिचा चेहरा मी पाहिला. मागच्या पायरीवर पेट्याच पेट्या मांडलेल्या होत्या, हिरव्यागार फळांनी भरलेल्या. शेजारी सून उभी होती, दमलेली आणि आशेने हसणारी.

"आई, सगळं उतरवून घेतलं. एकही फळ आपटू दिलं नाही."

काजवालीने एक फळ उचलले. चावले नाही. नखाने देठ पाहिला. तो फांदीचा तुकडा घेऊन तुटला होता. पिकलेले फळ खालून तळहात लावून वर उचलले की आपण होऊन सुटते. ही फळे ओढून तोडली होती. तिने फळ पेटीत परत ठेवले.

"कुणाला विचारलंस?" ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी केलंस, ते कळलं. मला विचारलंस का?"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. काजवाली तिला अधिक काही बोलली नाही. मला वाटते, ओरडली असती तर सुनेला बरे वाटले असते.

ओरडायला ती घड्याळजींच्या दुकानात गेली. तिथे भिंतभर घड्याळे टिकटिकत होती आणि प्रत्येकाची वेळ निराळी होती, हे तिने लगेच दाखवून दिले. "एवढी घड्याळं, आणि एकाला तरी धड वेळ कळते का इथं? माझ्या झाडाला कुणाच्या परवानगीनं शिडी लावलीत?"

"सूनबाई आल्या होत्या."

"झाड सूनबाईचं आहे? उद्या ती म्हणाली, सासूबाईंना रंगाऱ्याबरोबर पाठवा, तर पाठवाल का?"

"वहिनी, तुम्ही परत पाठवली तरी राग, आम्ही आणली तरी राग. शिडीनं करायचं तरी काय?"

"वेळ बघायची," ती म्हणाली. तेवढ्यात मागच्या उघड्या दारातून तिला ती फांदी दिसली. भिंतीवरून वाकून आलेली, फळांसकट. ती एकदम थांबली. मग बोट रोखून म्हणाली, "त्या फांदीला हात लावायचा नाही."

"माझ्या अंगणात पडलेलं पण उचलायचं नाही का?"

"पडेल ते तुमचं. लोंबतंय ते माझं."

आणि ती निघून आली. नियमामुळे झाड बुडाले होते आणि आता नियमामुळेच एक फांदी वाचली होती. याबद्दल घड्याळजींचे आभार मानावेत, असे मी तिला सुचवले. "हट्टासाठी कुणाचे आभार मानतात का?" तिने मला सुनावले. "त्यानं ते माझ्यासाठी नाही केलं."

पेट्यांतली फळे तिने माळ्यावर पेंढ्यात रचून ठेवली. ती पिकली नाहीत. त्यांची साल चामड्यासारखी सैल झाली, त्यांना सुरकुत्या पडल्या आणि आतून ती बेचव होत गेली. मुलाने एक चावून पाहिले आणि बाहेर जाऊन थुंकून आला. आता सगळी भिस्त भिंतीपलीकडच्या फांदीवर होती.

ती रोज स्टुलावर चढून भिंतीवरून पाही. थंडी वाढली, गवतावर पांढरे दव धरू लागले, पाने पिवळी होऊन झडू लागली. फळांवर पिवळसर रंग चढत चालला. परंतु तिला अशीही शंका येऊ लागली, की फळे कमी होत आहेत. तिने पाखरांना शिव्या दिल्या. मग वाऱ्याला दिल्या. घड्याळजींना विचारायला मात्र ती गेली नाही, कारण तिने त्यांच्याशी बोलणे टाकले होते आणि टाकलेले बोलणे आपण उचलायचे नाही, हाही एक नियमच होता.

अखेर सगळी पाने गळाली. मुलाने सांगितल्याप्रमाणे करवतवाल्याला बोलावले. तो पायरीवर करवत टेकवून चहा पीत बसला. मुलगा म्हणाला, "चल आई, जे काय चाखायचं ते चाखू. नंतर म्हणू नकोस, की मी शब्द पाळला नाही."

माय-लेक आणि सून घड्याळजींच्या अंगणात गेली. फांदी पूर्ण रिकामी होती.

काजवालीने फांदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग खाली गवतात पाहिले. तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. सुनेने मला पुढे सांगितले, की सासूबाईंना गप्प झालेले तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि तिला भीती वाटली.

"आई," मुलगा हलकेच म्हणाला, "फळच नाहीये गं."

मागच्या दारात घड्याळजी उभे होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "फळ गोड आहे," ते म्हणाले.

मुलगा वळला. "तुम्हाला काय माहीत, काका?"

घड्याळजींनी कपाळावरचे भिंग काढले, पुसले, परत चढवले. "आधी एक पडलं होतं. पडलेलं माझं, असं ठरलं होतं. ते खाल्लं." ते थांबले. "दुसऱ्या दिवशी पडेना. वाट बघितली. मग नुसता खालून हात लावला."

"आणि?"

"आणि ते सुटलं."

"सगळीच सुटली का, भावजी?" काजवालीचा आवाज परत आला होता.

"वहिनी, आमच्या झाडाची फळं तोवर पिठूळ झाली होती. चावलं की तोंडात भुगा. आणि भिंतीवर हे असं..." गल्लीला नियम शिकवणारा माणूस तिच्या मुलासमोर, सुनेसमोर आणि भिंतीवरून डोकावणाऱ्या करवतवाल्यासमोर चोरी कबूल करीत होता. तो गप्प राहिला असता, तर त्याची अब्रू राहिली असती आणि झाड गेले असते. एवढे मी त्याच्या बाजूने लिहिते. यापेक्षा अधिक लिहिले, तर काजवालीला ते आवडायचे नाही.

ते आत गेले. घड्याळांची काच पुसायच्या मऊ कातड्यात गुंडाळलेले एक सफरचंद त्यांनी खणातून आणले. "हे शेवटचं. हे मात्र खाववलं नाही. दुकानात वास चांगला येत होता."

मुलाने खिशातला चाकू काढून ते कापले. बिया काळपट तपकिरी होत्या. त्याने एक फोड तोंडात टाकली, चावली आणि उघड्या झाडाकडे पाहत राहिला. काजवालीने दुसरी फोड सुनेला दिली. सून हुंदके देत होती.

"रडत खाऊ नकोस," काजवाली म्हणाली. "चव कळत नाही."

मुलाने उरलेली फोड घड्याळजींपुढे धरली, तेव्हा मात्र तिने ती मधल्या मध्ये काढून घेतली. "त्यांचं झालंय," ती म्हणाली आणि आपणच खाल्ली.

करवतवाल्याला एक वाळकी फांदी तेवढी कापायला लावून परत पाठवले. शेड झाली नाही. व्हॅन रस्त्यावर ताडपत्रीखाली उभी राहू लागली. मुलगा रोज सकाळी इंजिनाशी झटापट करी आणि झाडाकडे रागाने पाही. तो रागही काजवालीला चालत नसे. "तुझ्या व्हॅनला वेळेवर उठता येत नाही, त्यात झाडाचा काय दोष?" असे ती खिडकीतून विचारी.

पुढल्या उन्हाळ्याच्या अखेरीस शिडीची पाळी ठरवायला सगळी गल्ली घड्याळजींच्या दुकानापाशी जमली. मीही गेले होते, कारण काजवाली तिथे काय बोलेल, याची मला धास्ती होती. ती येताच सगळे सरसावून बसले. घड्याळजींनी मान खाली घालून घेतली. रंगारी दाराशी सरकला. चोरी, अपमान, न आणलेले शर्ट, इतक्या वर्षांचे हसू, हे सगळे आता निघणार, अशी प्रत्येकाची खात्री होती; आणि ते निघाले असते, तर माझ्या मते न्याय्यच झाले असते.

काजवालीने काउंटरवर दोन्ही हात टेकले. तिचा आवाज मी वर्गात वाचताना ऐकला होता तसा होता, सावकाश आणि स्पष्ट.

"भावजी," ती म्हणाली, "यंदा शिडी माझ्याकडे सगळ्यांच्या शेवटी, पानं गळाल्यावर पाठवा."